पासष्ट हजार दारं आणि एक आवर्तन

मास्तरांचं आणि ठोक्याचं भांडण सव्वीस वर्षांचं झालं होतं. माणूस असतं तर एव्हाना त्याचं लग्न लावून दिलं असतं.

मास्तर बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे आणि बँड चालवायचेही. ठोक्या ड्रमवर असायचा. त्याचं कागदोपत्री नाव काहीतरी भारदस्त होतं, पण कुणी विचारलं तर त्याच्या बायकोलाही ते क्षणभर आठवावं लागायचं. दोघांनी मिळून तीस वर्षं वाजवलं, एका ताटात जेवले, एकाच बाकावर झोपले, आणि एका स्पर्धेत एकदाच तोंडावर आपटले.

त्या स्पर्धेत शेवटच्या चिजेला ड्रमने एकट्याने आठ आवर्तनं वाजवायची होती. बाकी सगळे गप्प. आठवं संपलं की पुढच्या पहिल्या ठोक्याला क्लॅरिनेटने उठायचं. तालमीत शंभर वेळा जमलेलं. त्या दिवशी मात्र ड्रम एकटा वाजत असतानाच क्लॅरिनेट उठलं, दोघं एकमेकांच्या पायात आले, मागचे कर्णेवाले गोंधळले, आणि कप दुसऱ्याच बँडने उचलला.

ठोक्याचं म्हणणं, "मास्तर सात आवर्तनांनंतरच घुसला. मी आठवं वाजवत होतो."

मास्तरांचं म्हणणं, "मी आठ मोजली आणि वेळेवर उठलो. याला टाळ्या पडायला लागल्या, हा फुगला आणि याने नववं हाणलं."

ठोक्या दर रविवारी चार वाजता यायचा. काठी दाराशी टेकवायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, चहा घ्यायचा, गुडघ्यांची विचारपूस करायची, आणि साडेचारच्या सुमाराला कुणीतरी कुणाला तरी डिवचायचं. सहा वाजता तो तणतणत जायचा. सव्वीस वर्षांत एकच रविवार चुकला, त्याच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचा. त्या दिवशी मास्तर स्वतः दवाखान्यात जाऊन भांडून आले. नर्सबाईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

आणि अचानक पुरावा सापडला. बँडचे कपडे शिवणारा शिंपी त्या स्पर्धेला पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसला होता, हे सगळेच विसरून गेले होते. आता त्याच्या मुलीला ट्रंक आवरताना ती कॅसेट मिळाली आणि तिने ती मास्तरांकडे पोचती केली. मास्तरांच्या सुनेने ती एका दुकानात देऊन तिचं कॉम्प्युटरवर चालेल असं रेकॉर्डिंग करून घेतलं. दुकानदाराने ते थेट मास्तरांच्या घरी वरच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर पाठवलं.

दोघा म्हाताऱ्यांचा करार झाला. रविवारी चार वाजता, दोघांनी एकदमच ऐकायचं. तोवर एकट्याने कान लावायचा नाही. ज्याची चूक निघेल त्याने सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायचं, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्या विषयावर तोंड उघडायचं नाही.

"शब्द?" ठोक्याने विचारलं.

"शब्द," मास्तर म्हणाले. त्यांना आधी ऐकायची गरजच नव्हती. आपण आठ मोजली होती हे त्यांना आपल्या दातांइतकं पक्कं माहीत होतं. दातांपैकी बरेच आता कवळीत होते, ही गोष्ट वेगळी.

अडचण एवढीच होती की कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर आणि स्पीकर खालच्या बैठकीत. ठोक्याचे गुडघे जिना चढणारे नव्हते. कॉम्प्युटरला स्वतःचा आवाज नव्हता, फक्त कानाला लावायचा एक हेडफोन. एकाने ऐकून दुसऱ्याला सांगायचं म्हणजे पुढच्या सव्वीस वर्षांची सोय. तेव्हा गाणं वरून खाली, हवेतून, स्पीकरवर यायला हवं होतं. हल्ली घरोघरी येतं तसं.

पण हे घर घरोघरीसारखं नव्हतं. या घरात मास्तरांचा मुलगा राहत होता.

मुलगा एका मोठ्या कचेरीत फायरवॉल सांभाळायचा. बाहेरून आत काय येतं, आतून बाहेर काय जातं, यावर नजर ठेवायची आणि शक्यतो काहीच येऊ-जाऊ द्यायचं नाही, हे त्याचं काम. काम चोख होतं, म्हणून ते त्याने घरीही आणलं होतं. घरातल्या वायफायचे त्याने दोन भाग केले होते. एका बाजूला कॉम्प्युटर. दुसऱ्या बाजूला टीव्ही, स्पीकर आणि इतर "बोलकी खेळणी", ज्यांच्यावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मध्ये फायरवॉल. पेनड्राइव्ह घालायची भोकं त्याने गोंद भरून बुजवली होती.

"बाबा, एका कॉम्प्युटरला पासष्ट हजारांच्या वर दारं असतात," त्याने एकदा समजावलं होतं. "पोर्ट म्हणतात त्यांना. सगळी बंद ठेवायची. लागेल तेवढंच उघडायचं."

"पासष्ट हजार दारं आणि माणसं तीन," मास्तर म्हणाले होते. "बांधणाऱ्याला कुणी विचारलं नाही का?"

दार उघडायचं तर घरातही अर्ज होता. कोणतं दार, कुठून कुठे, कशासाठी, किती वेळ, बिघडलं तर पूर्ववत कसं करणार. खाली तीन सह्या: अर्जदार, तपासणारा, मंजुरी देणारा. तपासायचं सुनेने, मंजुरी मुलाने. स्वयंपाकघरातल्या छोट्या पडद्यावर हवामान दिसावं म्हणून सुनेने एकदा अर्ज केला होता. तो मंजूर होईपर्यंत ऋतू बदलला.

सोमवारी सकाळी मास्तरांनी चष्मा लावून अर्ज भरला. "कशासाठी" या रकान्यात त्यांनी लिहिलं, "ऐकणे."

संध्याकाळी अर्ज परत आला.

"बाबा, हे कारण पुरेसं नाही."

"ऐकण्याला कारण लागतं? मग गाणी काय चाटायची असतात?"

"काय ऐकणार, कोण ऐकणार, लिहा ना नीट. मी तुमच्यासाठी नियम मोडला तर मला उद्या कचेरीत लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"कचेरीतले लोक येणार आहेत का आपल्या बैठकीत?"

पण मास्तर शिस्तीचे होते. तालमीला दोन मिनिटं उशीर झालेल्या कर्णेवाल्याला त्यांनी दारातून परत पाठवलेलं होतं. मुलगा कुणावर गेला हे त्यांना मनातून माहीत होतं, त्यामुळे राग धड येत नव्हता. त्यांनी दुसरा अर्ज भरला. त्यात स्पर्धेचा इतिहास लिहिला, आठ आवर्तनांचा हिशोब दिला आणि शेवटी "आरोपी: ठोक्या" असंही घातलं.

मुलगा हसला. म्हणाला, "ठीक आहे. बाहेरून आलेली फाइल आहे, एकदा तपासतो. रविवारपर्यंत होऊन जाईल."

मंगळवारी संध्याकाळी तो वर गेला आणि तासभर खाली आला नाही. आला तो सरळ जेवायला बसला. सुनेने विचारलं, "फाइलमध्ये व्हायरस-बियरस निघाला का?" तो म्हणाला, "नाही. तसं काही नाही." आणि ताटातलं तसंच ठेवून उठला.

बुधवारी अर्ज पुन्हा परत. स्पीकर कोणत्या कंपनीचा, कधी घेतला, त्याचं आतलं सॉफ्टवेअर कितवं, हे लिहिलेलं नव्हतं. मास्तरांनी स्पीकर उलटा करून भिंगातून बारीक अक्षरं वाचली आणि लिहिली.

गुरुवारी सकाळी परत.

"आता काय?"

"तुम्ही एकच दार मागितलंय. दोन लागतात," मुलगा त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "स्पीकर आधी हाक मारतो, घरात कुणाकडे गाणं आहे का म्हणून. त्या हाकेचं दार वेगळं. मग कॉम्प्युटर गाणं पाठवतो, त्याचं दार वेगळं. पहिलं बंद असेल तर दुसरं उघडून उपयोग नाही. फार गुंतागुंतीचं आहे, बाबा. राहू दे."

"यात गुंता कसला?" मास्तर म्हणाले. "आधी काठीने इशारा, मग सूर. इशारा दिसला नाही तर बँड उभाच राहतो, हे मला तू शिकवणार? दे इकडे तो कागद."

त्यांनी दोन्ही दारांचे आकडे मुलाकडूनच वदवून घेतले आणि ठळक लिहिले. कागदावर आता बोट ठेवायला जागा नव्हती. सुनेने सही केली. मुलाने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि "विचार करतो," म्हणून वर घेऊन गेला.

शुक्रवार गेला. शनिवारही सरत आला. विचारलं की "विचार चालू आहे."

"हा मुद्दाम करतोय," मास्तर सुनेला म्हणाले. ती भाजी निवडत होती. "लहानपणी क्लॅरिनेट शिक म्हणून मागे लागलो होतो, त्याचा सूड घेतोय."

"बाबा, सूड घेणारा नाही हो तो. मला आमच्या लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा अर्ज भरायला लावलाय त्याने. पण या वेळी काहीतरी वेगळं आहे खरं. नियमात बसलं की तो कधी नाही म्हणत नाही. नुसता टाळतोय." तिने हात पुसले, मसाल्याच्या डब्यांमागून नियमांची वही काढली आणि पानं उलटली. "हे बघा. त्यानेच लिहिलंय. मंजुरी देणाऱ्याने दोन दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तपासणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर एक तासापुरतं दार उघडावं. पासवर्ड कपाटातल्या लिफाफ्यात."

"दोन दिवस झाले?"

"आज सकाळीच."

मास्तरांनी सुनेकडे असं पाहिलं, जसं त्यांनी चांगल्या ट्रंपेटवाल्याकडेही कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी दुपारी मुलगा मास्तरांच्या खाटेजवळ येऊन बसला. बराच वेळ चादरीचा कोपरा चुरगाळत राहिला.

"बाबा, नाही ऐकलं तर चालणार नाही का? इतकी वर्षं झाली. काकांचंही वय झालंय."

"वय झालं म्हणून चूक माफ होते?"

"चूक कुणाची का असेना..."

"कुणाची का असेना म्हणजे? त्याचीच आहे!"

"तरी मला वाटतं, सुरक्षेच्या दृष्टीने ते दार बंद असलेलंच बरं."

"कुणाच्या सुरक्षेच्या?"

मुलगा चादरीचा कोपरा सरळ करून उठून गेला. मास्तरांनी कूस बदलली. नोकरीने पोरगा पार घाबरट करून टाकला, असं त्यांना वाटलं.

चार वाजता ठोक्या आला. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस ओले करून विंचरले होते. मास्तरांनीही जुना कोट घातला होता. दोघांनी एकमेकांचे कपडे पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

"कबुलीजबाब पाठ करून आलायस ना?" मास्तरांनी विचारलं.

"मला पाठांतर लागत नाही. तू मात्र उभा राहताना कशाला तरी धर, नाहीतर पडशील."

सुनेने वर जाऊन दोन्ही दारं उघडली आणि खाली येऊन फोनवर बोट दाबलं. स्पीकरवरचा बारका दिवा निळा झाला. मुलगा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. त्याने थांबवलं नाही. नियम त्याचाच होता.

आधी खरखर. मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाचा तरी खोकला, आणि अगदी जवळून शिंप्याचा आवाज, "चालू झालं का हे?" दोघं म्हातारे एकदम हसले. मग बँड उठला. मास्तरांचे डोळे भरून आले, पण ते काम नंतरचं म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं. कर्णे चढले, उतरले, थांबले. आणि ड्रम एकटा सुरू झाला.

"काय हात होता माझा," ठोक्या डोळे मिटून पुटपुटला.

"बोलू नकोस. मोज."

एक. मास्तरांनी मांडीवर करंगळी उघडली. दोन. तीन. ठोक्या खरंच वाजवत होता, तेल लावल्यासारखं. चार. पाच, पहिला हात संपला. सहा. सातव्याला लोकांच्या टाळ्या पडायला लागल्या. सात संपलं, आठव्याचा पहिला ठोका पडला, आणि त्याच ठोक्यावर क्लॅरिनेट उठलं. एवढा स्वच्छ, एवढा ठाम आणि एवढा चुकीचा सूर मास्तरांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

त्यापुढचा गोंधळ कुणी ऐकला नाही. सुनेने आवाज बंद केला.

मास्तरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. एका हाताची पाच, दुसऱ्याची दोन. बोटं जागच्या जागी होती.

"पुन्हा लाव," ते म्हणाले.

पुन्हा लावलं. पुन्हा सात.

सव्वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर येऊन बसलं होतं, आणि ठोक्या बुटाच्या नाडीकडे पाहत होता. आता उठायचं होतं, सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं. मास्तरांनी खुर्चीचे हात धरले आणि धरूनच ठेवले.

"काका," जिन्यावरून आवाज आला. "एक सांगायचं राहिलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलगा दोन पावलं पुढे आला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"गाणं असं सबंध खाली येत नाही. त्याचे बारीक तुकडे होतात. दारातून जाताना त्यातले काही... गळतात. होतं असं."

"गळतात?" ठोक्याने विचारलं.

"हो. एखादं आवर्तन गळालं असेल."

"एखादं म्हणजे, नेमकं एक?"

"एक."

"अख्खं? पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत? अलीकडे-पलीकडे काही न सांडता?"

"अख्खं."

"आणि दोन्ही वेळा तेच?"

"तिथेच भोक आहे, काका."

सून नवऱ्याकडे पाहतच राहिली. या माणसाला यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी तो तिला रस्त्यात गर्दी नव्हती, मीच झोपलो होतो, असं सांगायचा. त्याला खोटं बोलता येत नाही ही तिची लग्नापासूनची तक्रार होती.

मास्तरही मुलाकडे पाहत होते. मंगळवारचं अर्धवट टाकलेलं ताट त्यांना आठवलं. बुधवारचा अर्ज, गुरुवारचा अर्ज, दुपारचा तो चादरीचा कोपरा. पासष्ट हजार दारांवर पहारा करणारा त्यांचा मुलगा पाच दिवस एकाच दाराला पाठ लावून उभा होता, आणि त्यांनी स्वतः सुनेला हाताशी धरून ते उघडायला लावलं होतं.

मग मात्र ते उठले. कोटाची बटणं लावली.

"गळलं-बिळलं काही नाही," ते म्हणाले. "ठोक्या, मी सातानंतर घुसलो. तुझं बरोबर होतं. कप माझ्यामुळे गेला." बोलून झाल्यावर ते तसेच उभे राहिले, कारण पुढे काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

ठोक्या आनंदाने उडी मारेल असं सगळ्यांना वाटलं. उडी त्याच्या गुडघ्यांना जमणारी नव्हती, पण निदान चेहरा तरी फुलेल. चेहरा फुलला नाही. उलट कुणीतरी ताटावरून उठवल्यासारखा तो कावराबावरा झाला. त्याने घड्याळाकडे पाहिलं. साडेचारसुद्धा झाले नव्हते.

"मला हे मान्य नाही," तो म्हणाला.

"काय मान्य नाही?"

"तुझी कबुली. तुझा मुलगा सांगतोय, आवर्तन गळालं."

"अरे, तूच सव्वीस वर्षं सात म्हणून घसा फोडतोयस!"

"तेव्हा मला माहिती कमी होती. आता जाणकार माणूस सांगतोय. मोठमोठ्या कचेऱ्या त्याच्या शब्दावर चालतात, आणि बाप म्हणून तुझा त्याच्यावर विश्वास नाही? लाज वाटायला पाहिजे मास्तर तुला."

"मी स्वतःच्या कानांनी ऐकलं!"

"गळाल्यानंतरचं ऐकलंस. गळालेलं कसं ऐकू येणार? कॉम्प्युटरमधलं तुला काय कळतं? चार अर्ज भरलेस म्हणजे इंजिनियर झालास?"

"आणि तुला काय कळतं? तुला फोन उचलता येत नाही!"

"म्हणून तर मी जाणकाराचं ऐकतो! तू आठ मोजलीस आणि वेळेवर उठलास. चूक माझी. मी नववं हाणलं. टाळ्या पडत होत्या, फुगलो."

"तू नववं हाणलंच नाहीस!"

"मी काय वाजवलं ते मला सांगणारा तू कोण?"

मास्तरांनी तावातावाने कोट काढून खाटेवर फेकला. सून चहा टाकायला आत गेली. जाताना तिने नवऱ्याला हळूच विचारलं, "काय रे, गळतात का खरंच?" तो म्हणाला, "आता गळायलाच हवेत," आणि एक तास भरला होता की नव्हता याची पर्वा न करता पायरीवर बसून राहिला.

सहा वाजता ठोक्या तणतणत उठला. मुलाने त्याला हात देऊन पायऱ्या उतरवल्या. फाटकाशी ठोक्या थांबला, श्वास घेतला आणि काठीच्या टोकाने घराकडे खूण केली.

"हट्टी आहे तुझा बाप. पुढच्या रविवारपर्यंत ते आवर्तन तेवढं शोधून ठेव. वाटेतच कुठे पडलं असेल."

"बघतो, काका."

"सापडणार नाही!" खिडकीतून मास्तर ओरडले. "नव्हतंच ते!"